डिझेल गाडीचे पिकअप घेतानाचे आवाज

एक्सलेटर दाबल्यावर डिझेल गाडीतून येणारा नेहमीपेक्षा वेगळा आवाज ओळखून बिघाड नेमका कुठे आहे हे ठरवणे. विदर्भाच्या खेड्यांतून जिनिंगला कापूस किंवा वरूड-मोर्शीकडून संत्री नेणारी पिकअप गाडी रिकामी असते तेव्हा यातले बरेच आवाज दडून राहतात. त्यामुळे मिस्त्रीला गाडी शक्यतो भरलेलीच चालवून दाखवावी.

पहिली तपासणी फुकटची आहे. गाडी उभी ठेवून न्यूट्रलमध्ये रेस द्यावी. आवाज आला तर दोष इंजिनाकडे. उभ्या गाडीत आवाज नाही, आणि धावताना त्याच वेगाला गिअर बदलूनही सूर बदलत नाही, तर चाकाचे बेअरिंग, प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्समधून चाकांकडे ताकद नेणारा दांडा) किंवा डिफरन्शियल (ती ताकद दोन चाकांत वाटणारा गिअरांचा डबा) पाहावे. फसवा तो तिसरा प्रकार: फक्त चढावर येतो आणि पाय उचलताच थांबतो. तिथे टर्बोचा (इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याचा) होज, मॅनिफोल्डचे गॅस्केट आणि इंजिन फाउंडेशन (इंजिन ज्यावर बसते ती रबरे) तपासावे.

सगळ्यात जास्त तक्रार टकटकीची. डिझेल फवारल्यापासून पेटेपर्यंत वेळ लांबला, की साठलेले इंधन एकदम भडकते. टकटक होते ती त्याचीच. हिवाळ्यात पहाटे ती थोडी असणारच. इंजिन तापल्यावरही राहिली तर डिझेल फवारणारे नोझल गळके असणे, फवारणीचे पुढे सरकलेले टायमिंग किंवा भेसळीचे डिझेल यांवर संशय घ्यावा. शेतावर ड्रममध्ये साठवलेल्या डिझेलात पाणी उतरते आणि पंप-नोझल खराब करते. फिल्टरखालचा ड्रेन स्क्रू सैल करून ते अधूनमधून काढावे. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनात स्लोवर (एक्सलेटर न दाबता) एकेका नोझल पाइपचा नट सैल करून पाहतात. ज्या सिलिंडरला टकटक थांबते तो दोषी. कॉमन रेल गाडीत (सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल मिळते ती) हे मुळीच करू नये. तिथला दाब १,००० बारच्या वर जातो आणि डिझेलची धार कातडीतून आत घुसते. त्या गाडीला स्कॅनरच लावावा.

खोलवरून येणारी जड ठकठक, सोबत ऑइल प्रेशरचा दिवा, म्हणजे कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग. गाडी घरापर्यंत नेण्याचा मोह टाळावा. इंजिन तिथेच बंद करून गाडी टोचन करून न्यावी. रॉड तुटला तर ब्लॉक फुटतो.

फसफस, कमी ताकद आणि काळा धूर एकत्र आले तर टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचा (टर्बोची हवा गार करणाऱ्या जाळीपर्यंतचा) होज फाटलेला किंवा क्लॅम्प सैल असतो. फटीभोवती बहुधा तेलकट डाग दिसतो. टर्बोच सायरनसारखा ओरडत असेल तर थंड इंजिनावर होज काढून त्याचे चाक बोटाने फिरवावे. शाफ्टला किंचित आडवा खेळ चालतो, पण पाती केसिंगला घासता कामा नयेत.

गिअर टाकताना किंवा पाय उचलून परत दाबताना येणारा ‘टक्’ प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचा (टोकाच्या वळणाऱ्या सांध्याचा) असतो. हॅंडब्रेक ओढून, चाकांना दगड लावून शाफ्ट हाताने पिळला की खेळ कळतो. ग्रीस निपल असलेल्या क्रॉसला वेळेवर ग्रीस मिळाले नाही तर त्याच्या बेअरिंगमधल्या सुयांची गंजून पूड होते.

मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांपुढे गेला की व्हिस्कस फॅन (तापले की आपोआप जोडला जाणारा पंखा) असलेल्या गाड्या रेस देताच वाऱ्यासारख्या घोंघावतात. हा बिघाड नव्हे, फॅन पूर्ण जोडला गेल्याचा आवाज आहे. मात्र थंड सकाळीही तो थांबत नसेल तर फॅनचे कपलिंग जाम झालेले असते.