जपानचे पुनर्लष्करीकरण

दुसऱ्या महायुद्धातील पराभवानंतर युद्धत्यागाची राज्यघटना स्वीकारलेल्या जपानने पुन्हा लष्करी बळ उभारण्याची प्रक्रिया. तिच्याविषयी जपानमध्ये आणि शेजारी राष्ट्रांत दीर्घकाळ चिंता व्यक्त होत आली आहे.

३ मे १९४७ रोजी अमलात आलेल्या घटनेचे नववे कलम या वादाच्या मुळाशी आहे. जपानी जनता युद्धाचा हक्क कायमचा सोडून देते आणि भूदल, नौदल, हवाई दल किंवा अन्य युद्धसामर्थ्य बाळगले जाणार नाही, असे ते सांगते. मसुदा अमेरिकी ताब्याच्या काळात तयार झाल्याने घटना लादलेली आहे, हा उजव्या गटांचा जुना आक्षेप. परंतु हिरोशिमा, नागासाकी आणि बेचिराख टोकियो पाहिलेल्या पिढीने ते कलम मनापासून आपले मानले. आजवर या घटनेत एकही दुरुस्ती झालेली नाही.

दुरुस्ती झाली नाही, पण अर्थ बदलत गेला. १९५० मध्ये कोरियन युद्ध पेटताच अमेरिकेच्याच सांगण्यावरून ७५,००० जणांचे राखीव पोलीस दल उभे राहिले आणि १९५४ मध्ये स्वसंरक्षण दले स्थापन झाली. विरोधही तेव्हापासूनचाच. टोकियोजवळच्या सुनागावा येथे अमेरिकी हवाई तळाच्या विस्ताराविरुद्ध शेतकरी उभे ठाकले, तेव्हा निप्पोनझान म्योहोजी या बौद्ध पंथाचे भिक्षू डफ वाजवत त्यांच्या सोबत होते. या पंथाचे संस्थापक निचिदात्सू फुजी म्हणजे १९३३ साली वर्ध्यात गांधीजींना भेटलेले फुजी गुरुजी. १९६० मध्ये अमेरिकेशी झालेल्या सुधारित सुरक्षा करारावरून इतका उद्रेक झाला की पंतप्रधान नोबुसुके किशी यांना पायउतार व्हावे लागले.

पुढे सरकारांनी स्वतःवर काही बंधने घातली : अण्वस्त्रे न बाळगणे, शस्त्रनिर्यात टाळणे, संरक्षणखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १ टक्क्याच्या आत ठेवणे. ही मुख्यतः धोरणे असल्याने ती सैल करणे सोपे गेले.

निर्णायक वळण १ जुलै २०१४ रोजी आले. शिंझो आबे यांच्या मंत्रिमंडळाने नवव्या कलमाचा नवा अन्वयार्थ लावून, मित्रराष्ट्रावर हल्ला झाल्यास विशिष्ट परिस्थितीत जपानलाही लढता येईल असे ठरवले. घटनादुरुस्तीसाठी दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते आणि नंतर सार्वमतात बहुमत लागते. हा निर्णय मात्र मंत्रिमंडळाच्या एका बैठकीत झाला. आक्षेपाचा गाभा इथे आहे, आणि तो रास्त आहे. २०१५ मध्ये संबंधित विधेयके संसदेत असताना तीन घटनातज्ज्ञांनी समितीपुढे ती घटनाबाह्य ठरवली. त्यांपैकी एक सत्ताधारी पक्षानेच बोलावलेले होते. संसदेबाहेर विद्यार्थ्यांपासून वृद्धांपर्यंत हजारो लोक निदर्शने करत राहिले. तरीही सप्टेंबरमध्ये कायदे संमत झाले.

डिसेंबर २०२२ मध्ये फुमिओ किशिदा सरकारने पाच वर्षांसाठी ४३ लाख कोटी येन संरक्षणखर्च, २०२७ पर्यंत तो राष्ट्रीय उत्पन्नाच्या २ टक्क्यांपर्यंत नेण्याचे लक्ष्य आणि शत्रूच्या भूमीवरील तळांवर मारा करण्याची क्षमता यांना मान्यता दिली. त्यासाठी अमेरिकेकडून टॉमाहॉक क्षेपणास्त्रे घेण्याचे ठरले. यामागची भीती काल्पनिक नाही. उत्तर कोरियाचे क्षेपणास्त्र १९९८ मध्येच जपानवरून गेले होते आणि ऑगस्ट २०२२ मध्ये चीनची क्षेपणास्त्रे जपानच्या अनन्य आर्थिक सागरी क्षेत्रात पडली.

या धोरणाचा सर्वाधिक भार ओकिनावावर आहे. देशाच्या जेमतेम ०.६ टक्के भूमीच्या या प्रांतात, केवळ अमेरिकी सैन्याच्या वापरासाठी असलेल्या तळांचे सुमारे ७० टक्के क्षेत्र एकवटले आहे. १९४५ च्या लढाईत येथील सुमारे एक चतुर्थांश नागरिक मरण पावले. त्यांच्या वंशजांना आता योनागुनी, मियाको आणि इशिगाकी बेटांवर स्वसंरक्षण दलांचे नवे तळ दिसतात. हेनोको येथील अमेरिकी तळासाठी समुद्रात टाकल्या जाणाऱ्या भरावाविरुद्ध फेब्रुवारी २०१९ च्या प्रांतातील सार्वमतात मतदान करणाऱ्यांपैकी सुमारे ७२ टक्के लोकांनी कौल दिला. भरावाचे काम थांबले नाही.

चीन आणि कोरियात या हालचालींकडे जुन्या आक्रमणाच्या आठवणींतून पाहिले जाते. युद्धात मरण पावलेल्यांचे स्मरण करणाऱ्या आणि १९७८ पासून त्यांत १४ 'अ' वर्ग युद्धगुन्हेगारांचाही समावेश असलेल्या यासुकुनी मंदिराला जपानी नेते भेट देतात, तेव्हा ती जखम पुन्हा उघडते. भारताचा अनुभव वेगळा असल्याने येथे जपानच्या नौदलाचे मलबार या संयुक्त नौदल सरावात स्वागतच होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये पंतप्रधान सानाए ताकाइची यांनी तैवानवरील हल्ला जपानच्या अस्तित्वाला धोका ठरू शकेल असे संसदेत म्हटले. चीनने तीव्र निषेध नोंदवला आणि आपल्या नागरिकांना जपानला न जाण्याचा सल्ला दिला.