वायफायचा टॅबलेट आणि सिमचा टॅबलेट: मिळकतीच्या मूल्यांकनासाठी खरा फरक कोणता?

बँकांसाठी मिळकतींचे मूल्यांकन करणारे अभियंते जळगाव किंवा धुळ्याच्या दुकानात टॅबलेट घ्यायला जातात, तेव्हा विक्रेता पहिला प्रश्न हाच विचारतो की सिमचा हवा की नुसता वायफायचा. घेणारा मनाशी हिशेब करतो की खिशात मोबाइल आहेच, त्याचा हॉटस्पॉट लावता येईल, मग सिमसाठी जादा पैसे कशाला मोजायचे? इंटरनेटपुरता हा हिशेब बरोबर आहे. मात्र आपल्या कामाला भिडणारा फरक इंटरनेटचा नसून ठिकाण ओळखण्याचा आहे, आणि त्याचा उल्लेख दुकानात क्वचितच होतो.

आयपॅडमध्ये हा फरक अगदी स्पष्ट आहे. वायफायच्या आयपॅडमध्ये उपग्रहांचे संकेत घेणारा जीपीएस रिसीव्हर नसतोच. तो फक्त सेल्युलर म्हणजे सिम चालणाऱ्या आयपॅडमध्ये असतो. साध्या आयपॅडच्या या दोन प्रकारांच्या किमतीत भारतात साधारण १५,००० रुपयांचा फरक पडतो, आणि तो केवळ सिमच्या सोयीसाठी आहे असे समजून अनेक जण स्वस्त प्रकार घेऊन घरी येतात. अँड्रॉइडच्या टॅबलेटमध्ये असा सरळ नियम नाही. वायफायच्या कित्येक अँड्रॉइड टॅबलेटमध्ये जीपीएस असते, काही स्वस्त टॅबलेटमध्ये ते गाळलेले असते, त्यामुळे तिथे प्रत्येक मॉडेलची माहिती स्वतंत्रपणे वाचावी लागते.

जीपीएस नसलेला टॅबलेटही नकाशावर निळा ठिपका दाखवतो, आणि फसगत नेमकी तिथेच होते. असा टॅबलेट आसपासच्या वायफाय राउटरांच्या खुणा टिपतो आणि कोणता राउटर कुठे आहे याच्या तयार साठ्याशी त्या ताडून पाहतो. जळगाव शहरात, जिथे प्रत्येक इमारतीत पाच-दहा राउटर चालू असतात, तिथे ही पद्धत इतकी चांगली चालते की जीपीएस नाही हे लक्षातही येत नाही. पण तोच टॅबलेट यावलच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या शिवारात नेला, किंवा धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या पाड्यावर नेला, तर आसपास ओळखीचा एकही राउटर नसतो. आपल्या मोबाइलचा हॉटस्पॉट आपल्याबरोबरच फिरत असल्यामुळे ठिकाणाची खूण म्हणून त्याचा उपयोग नाही, आणि मोबाइलमधल्या जीपीएसचे ठिकाण टॅबलेटच्या ॲपला आपोआप मिळेल असे गृहीत धरूनही चालत नाही. मग टॅबलेट एक तर ठिकाण मिळत नाही असे सांगतो, किंवा काही किलोमीटरचा ढोबळ अंदाज देतो, किंवा सर्वांत वाईट म्हणजे मागे कुठेतरी मिळालेले जुने ठिकाण तसेच पुढे दाखवत राहतो.

फोटोवर अक्षांश-रेखांश छापणारे ॲप या परिस्थितीत काय करते ते पाहण्यासारखे आहे. ते दशांश चिन्हापुढे सहा अंक छापते. अक्षांशाचा चौथा दशांश सुमारे ११ मीटरचा, पाचवा सुमारे १ मीटरचा आणि सहावा सुमारे ११ सेंटिमीटरचा असतो. म्हणजे सहा अंक पाहून कोणालाही वाटेल की हे ठिकाण वीतभराच्या अचूकतेने टिपलेले आहे, आणि प्रत्यक्षात तो आकडा सकाळी ज्या शाखेतून कागदपत्रे घेतली त्या शाखेचाही असू शकतो. गावाबाहेरच्या बिनशेती ले-आऊटमध्ये, जिथे गट नंबर एकच, प्लॉट पन्नास, आणि हद्दीचे दगड निम्म्याहून अधिक गेलेले असतात, तिथे बँकेचा अधिकारी अहवालातले अक्षांश-रेखांश नकाशावर टाकून पाहतो. ते भलतीकडे पडले तर कर्जदाराचे प्रकरण अडकते, आणि ते कोणी तपासलेच नाही तर चुकीच्या ठिकाणाची नोंद वर्षानुवर्षे कर्जाच्या फायलीत राहते. या दोन्हींची झळ कर्जासाठी थांबलेल्या कुटुंबाला बसते, म्हणून या बाबतीत हयगय होऊ नये असे मला मनापासून वाटते.

सिमच्या टॅबलेटमध्ये सिम न घालताही जीपीएस चालते, ही गोष्ट पुष्कळांना पटत नाही. रिसीव्हर उपग्रहांचे संकेत थेट घेतो, त्यासाठी मोबाइलचा मनोरा लागत नाही आणि डेटा पॅकही लागत नाही. इंटरनेटची मदत होते ती पहिले ठिकाण लवकर मिळण्यापुरती, कारण उपग्रहांच्या कक्षेची माहिती त्यावरून चटकन उतरवून घेता येते. ती मदत नसेल तर प्रत्येक उपग्रहाची माहिती त्याच्याच संकेतातून घ्यावी लागते आणि दर ३० सेकंदांनी ती पुन्हा प्रक्षेपित होते; सर्व उपग्रहांचा ढोबळ तक्ता पूर्ण मिळायला तर साडेबारा मिनिटे लागतात. त्यामुळे रेंज नसलेल्या शिवारात पोहोचल्याबरोबर फोटो काढू नये. टॅबलेट उघड्या आकाशाखाली थोडा वेळ स्थिर धरावा, ॲपमध्ये दिसणारा अचूकतेचा आकडा (ठिकाण किती मीटरने चुकू शकते तो) खाली आला की मग काम सुरू करावे. नकाशाचे चित्र उमटले नाही म्हणजे ठिकाण मिळालेच नाही, असेही समजू नये. चित्र इंटरनेटवरून येते आणि ठिकाण उपग्रहांवरून. त्या भागाचा नकाशा निघण्यापूर्वीच उतरवून ठेवला की ही अडचण राहत नाही.

रावेर-यावलकडे आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. केळीच्या बागेत डोक्यावर पाणीदार पानांचे दाट छत असते आणि ओल्या पानांतून येताना उपग्रहांचा संकेत क्षीण होतो, म्हणून ठिकाणाची नोंद बागेच्या मध्यभागी उभे राहून न घेता बांधावर येऊन घ्यावी. जाड मातीच्या भिंतींच्या धाब्याच्या घरात किंवा पत्र्याच्या गोदामातही आतून घेतलेल्या नोंदीवर विसंबू नये. दारासमोरच्या अंगणातली नोंद खरी धरावी.

जीपीएस असलेला टॅबलेट घेतला म्हणजे जमीन मोजता येईल, हा समज मात्र तितकाच चुकीचा आहे. उघड्या आकाशाखाली मोबाइल किंवा टॅबलेटची अचूकता साधारण ५ मीटरच्या आसपास असते. एक गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, म्हणजे त्याची बाजू सुमारे १० मीटरची. ज्या साधनाचा प्रत्येक कोपरा पाच-पाच मीटरने सरकू शकतो त्याने गुंठ्याचे क्षेत्रफळ काढणे म्हणजे नुसता अंदाज करणे होय. चार-पाच एकरांच्या शेताभोवती फिरून सातबाऱ्यावरील क्षेत्राशी ढोबळ ताळा पाहण्यास ते चालेल, परंतु अहवालातले क्षेत्र सातबारा, मिळकत पत्रिका आणि भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीवरूनच घ्यावे. ते खाते वापरते ते रोव्हर, म्हणजे उपग्रहांच्या संकेतांवर चालणारी मोजणीची यंत्रे, कॉर्स केंद्रांच्या (एका जागी कायम चालू असणाऱ्या संदर्भ केंद्रांच्या) आधाराने सेंटिमीटरच्या अचूकतेने मोजतात. ते यंत्रच वेगळे आहे. टॅबलेटचे काम मिळकत कुठे आहे ते सांगण्याचे, महाभूनकाशावर (राज्याच्या जमिनींच्या ऑनलाइन नकाशावर) तो गट नंबर तिथेच पडतो ना आणि चतुःसीमा जुळतात ना हे पाहण्याचे. बांधकामाची मापे टेपने किंवा लेझर मीटरने घ्यावीत, आणि ब्लूटूथचा लेझर मीटर या दोन्ही प्रकारच्या टॅबलेटला सारखाच जोडता येतो.

ज्यांनी वायफायचा आयपॅड आधीच घेतला आहे त्यांनी तो टाकून देण्याची गरज नाही. आयपॅडशी चालणारा वेगळा ब्लूटूथ जीपीएस रिसीव्हर मिळतो, किंवा फोटो मोबाइलवर काढून माहितीचा तक्ता तेवढा टॅबलेटवर भरता येतो. दुसऱ्या मार्गात कोणता फोटो कोणत्या मिळकतीचा ही जुळवाजुळव हाताने करावी लागते आणि दिवसाला अनेक मिळकती असल्या की त्यात घोटाळा होतो. मोबाइलवरून टॅबलेटवर फोटो पाठवताना व्हॉट्सॲपवर साध्या फोटोच्या रूपात पाठवला तर त्यात दडलेली ठिकाणाची नोंद निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर ती टिकते.

बॅटरी आणि कॅमेरा यांत दोन्ही प्रकार सारखेच. उन्हाचेही तसेच: ॲपलने आयपॅड वापरण्यासाठी ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमान सांगितले आहे, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. तापलेला टॅबलेट पडदा मंद करतो किंवा थंड होईपर्यंत बंद पडतो, म्हणून बाहेरचे काम सकाळी उरकावे आणि उन्हात लावलेल्या गाडीत तो ठेवूच नये.

राहिला प्रश्न दुकानात खात्री कशी करावी याचा. अँड्रॉइडचा टॅबलेट असेल तर माहितीपत्रकात जीपीएस किंवा ग्लोनास (रशियाची तशीच उपग्रह यंत्रणा) हे शब्द आहेत का ते पाहावे, आणि जमल्यास सिम, वायफाय व ब्लूटूथ बंद करून, उपग्रह मोजणारे ॲप उघडून टॅबलेट दुकानाबाहेर उघड्यावर न्यावा. काही मिनिटांत उपग्रह दिसू लागले पाहिजेत. आयपॅडवर असे उपग्रह मोजता येत नाहीत, पण सेटिंगमध्ये आयपॅडच्या माहितीच्या पानावर आयएमईआय क्रमांक (मोबाइल नेटवर्कवर चालणाऱ्या प्रत्येक उपकरणाचा ओळख क्रमांक) असला तर तो सेल्युलर आहे आणि नसला तर वायफायचा. वापरलेला आयपॅड घेताना पैसे देण्यापूर्वी ते पान स्वतः उघडून पाहावे, कारण वायफायच्या आयपॅडमध्ये जीपीएस नंतर बसवून मिळत नाही.