बक्षीस रकमेतील स्त्री-पुरुष विषमता (क्रीडा)

एकाच स्पर्धेत एकाच क्रमांकावर आलेल्या स्त्री आणि पुरुष खेळाडूंना कमी-जास्त रकमेची बक्षिसे देण्याची रीत. कचेरी-कारखान्यातली पगाराची तफावत कागदपत्रांत दडून राहते. ही मात्र स्पर्धेच्या पत्रकात छापलेली असते आणि बक्षीस समारंभात पुठ्ठ्याच्या भल्यामोठ्या धनादेशावर लिहून कॅमेऱ्यासमोर धरली जाते. २०१८ साली दक्षिण आफ्रिकेतील बॅलिटो येथे झालेल्या कुमार गटाच्या सर्फिंग स्पर्धेत विजेता मुलगा आणि विजेती मुलगी असे धनादेश घेऊन शेजारी शेजारी उभे राहिले. त्याच्या हातात ८,००० रँडचा, तिच्या हातात ४,००० रँडचा. समुद्र तोच आणि किनाराही तोच. हा फोटो जगभर फिरला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वर्ल्ड सर्फ लीगने २०१९ पासून आपल्या स्पर्धांत समान बक्षिसे देण्याचे जाहीर केले.

खेळाडूची कमाई चार-पाच ठिकाणांहून येते: बक्षीस, सामन्याचे मानधन म्हणजे मॅच फी, वार्षिक करार, लीगच्या लिलावातली बोली आणि जाहिराती. ‘समान वेतन’ अशी बातमी येते तेव्हा यांतले बहुधा एकच काहीतरी समान झालेले असते. ते नेमके कोणते, हे कळायला बातमी शेवटपर्यंत वाचावी लागते.

टेनिस

१९६८ मध्ये व्यावसायिक खेळाडूंना विम्बल्डनची दारे उघडली आणि बक्षिसे रोख मिळू लागली. त्या पहिल्याच वर्षी पुरुष विजेत्या रॉड लेव्हरला २,००० पौंड मिळाले, तर महिला विजेत्या बिली जीन किंगला ७५० पौंड. १९७० मध्ये लॉस एंजेलिसच्या पॅसिफिक साउथवेस्ट स्पर्धेत पुरुष विजेत्यासाठी १२,५०० डॉलर आणि महिला विजेतीसाठी १,५०० डॉलर ठेवले गेले, तेव्हा वाद पेटला. किंगसह नऊ महिला खेळाडूंनी त्या स्पर्धेकडे पाठ फिरवली आणि २३ सप्टेंबर १९७० रोजी ह्यूस्टनमध्ये ग्लॅडिस हेल्डमन या टेनिसचे मासिक चालवणाऱ्या बाईंबरोबर प्रत्येकी नाममात्र एक डॉलरचा करार केला. त्यांच्या स्पर्धांना पैसा पुरवला तो व्हर्जिनिया स्लिम्स या सिगारेटच्या ब्रँडने. फुप्फुसांच्या जोरावर खेळणाऱ्या बायकांची चळवळ तंबाखूच्या पैशावर उभी राहिली, हा योग नमूद करण्याजोगा आहे.

१९७२ मध्ये किंगने यूएस ओपन जिंकली आणि तिला १०,००० डॉलर मिळाले. पुरुष विजेत्या इली नास्तासेला २५,००० मिळाले होते. रक्कम समान नसेल तर पुढच्या वर्षी येणार नाही, असे तिने सुनावले. पण ती नुसती सुनावून थांबली नाही, प्रायोजकांशी बोलणीही केली. १९७३ मध्ये एका डिओडरंटच्या ब्रँडने वरची रक्कम भरली आणि मार्गारेट कोर्ट व जॉन न्यूकम या दोघांनाही २५,००० डॉलर मिळाले. समान बक्षीस देणारी ही पहिली ग्रँड स्लॅम, म्हणजे टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक. संयोजकांनी तिजोरी उघडली म्हणून ही समानता आली नव्हती, तिसऱ्याच कोणी फरक भरून काढला होता.

त्यानंतर गाडी सरळ पुढे गेली असे नाही. ऑस्ट्रेलियन ओपनने १९८४ मध्ये समान बक्षिसे सुरू केली, १९९६ मध्ये ती बंद केली आणि २००१ मध्ये पुन्हा सुरू केली. विम्बल्डनने सर्वांत जास्त वेळ घेतला. २००६ मध्ये रॉजर फेडररला ६,५५,००० आणि अमेली मॉरेस्मोला ६,२५,००० पौंड मिळाले, म्हणजे फरक उरला होता तो ३०,००० पौंडांचा. एवढ्या श्रीमंत स्पर्धेला ही रक्कम चिल्लर होती. तरीही ती सोडायला २००७ साल उजाडावे लागले, यावरून भांडण पैशाचे कमी आणि मानाचे जास्त होते असे दिसते. त्या वर्षी फेडरर आणि समान बक्षिसांसाठी जाहीरपणे लिहिणारी-बोलणारी व्हीनस विल्यम्स या दोघांनाही ७,००,००० पौंड मिळाले.

‘पुरुष पाच सेट खेळतात, बायका तीनच,’ हा विरोधकांचा ठेवणीतला मुद्दा. तो फक्त ग्रँड स्लॅमला लागू पडतो. रोमच्या स्पर्धेत दोघेही तीनच सेट खेळतात, तरी २०२३ मध्ये तिथली महिलांची एकूण बक्षीस रक्कम पुरुषांच्या निम्म्याहूनही कमी होती. उलट १९८४ ते १९९८ या काळात महिलांच्या वर्षअखेरच्या अजिंक्यपद स्पर्धेची अंतिम लढत पाच सेटची असे. महिला टेनिस संघटनेने २०२३ मध्ये आपले वेळापत्रक जाहीर केले. त्यानुसार पुरुषांसोबत एकत्र होणाऱ्या मोठ्या स्पर्धांत २०२७ पर्यंत आणि स्वतंत्रपणे होणाऱ्या स्पर्धांत २०३३ पर्यंत बरोबरी गाठायची आहे.

बुद्धिबळ

सेट, ताकद, वेग यांपैकी कशाचाही संबंध नसलेला खेळ म्हणून बुद्धिबळाकडे वेगळे पाहावे लागते. जुलै २०२५ मध्ये नागपूरची दिव्या देशमुख बातुमी येथे महिला विश्वचषक जिंकली. तिला ५०,००० डॉलर मिळाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गोव्यात झालेल्या विश्वचषकाच्या विजेत्याला, उझबेकिस्तानच्या जवोखिर सिंदारोवला, १,२०,००० डॉलर मिळाले. यावर संयोजकांचे उत्तर तयार असते: गोव्यातली स्पर्धा पुरुषांची नव्हे, ‘खुली’ होती. ते खोटे नाही. स्वतः दिव्याही तिथे खेळली. पण महिलांसाठी वेगळी स्पर्धा भरवायची ठरल्यावर तिची थैली किती मोठी ठेवायची हा संयोजकांचाच निर्णय असतो. नॉर्वे चेसने २०२४ मध्ये महिलांची स्पर्धा सुरू केली, ती पहिल्या वर्षापासून समान बक्षिसांची.

हे ‘खुले’पणही आपोआप आलेले नाही. १९७६ मध्ये मुंबईची रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली तेव्हा गदारोळ झाला आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्वाळा जागतिक बुद्धिबळ महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स यूव यांनी दिला.

क्रिकेट

२००५ च्या महिला विश्वचषकात भारत उपविजेता ठरला. त्या स्पर्धेत सामन्यामागे १,००० रुपये मिळाले होते, असे कर्णधार मिताली राजने नंतर सांगितले आहे. तेव्हा महिला क्रिकेटचा कारभार वेगळ्या संघटनेकडे होता. तो पुढच्या वर्षी भारतीय क्रिकेट नियामक मंडळाकडे आला. ऑक्टोबर २०२२ मध्ये मंडळाने आंतरराष्ट्रीय सामन्यांची मॅच फी समान केली: कसोटीला १५ लाख, एकदिवसीय सामन्याला ६ लाख, टी-ट्वेंटीला ३ लाख रुपये. आकडे घसघशीत आहेत, पण फी मिळायला आधी सामना हवा. नोव्हेंबर २०१४ ते जून २०२१ या काळात भारतीय महिला संघ एकही कसोटी खेळला नव्हता. घोषणेनंतर २०२४ अखेरपर्यंत वाट्याला आल्या त्या तीन कसोट्या.

वार्षिक करारांत अंतर तसेच राहिले. २०२४-२५ च्या यादीत पुरुषांच्या ‘अ’ श्रेणीला ५ कोटी होते, महिलांच्या ‘अ’ श्रेणीला ५० लाख. आयपीएलच्या विजेत्या संघाला २० कोटी मिळतात, महिलांच्या डब्ल्यूपीएल लीगच्या विजेत्याला ६ कोटी. २०२३ च्या हंगामासाठीच्या लिलावांत सर्वांत मोठी बोली महिलांमध्ये सांगलीच्या स्मृती मानधनावर ३ कोटी ४० लाखांची लागली, तर पुरुषांत सॅम करनवर साडेअठरा कोटींची.

जागतिक पातळीवर मात्र या काळात काटा झपाट्याने हलला. २०२२ च्या महिला एकदिवसीय विश्वचषकाची एकूण बक्षीस रक्कम ३५ लाख डॉलर होती. जुलै २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने समान बक्षिसांचे धोरण स्वीकारले आणि २०२५ च्या स्पर्धेसाठी ही रक्कम १ कोटी ३८ लाख ८० हजार डॉलरवर नेली. पुरुषांच्या २०२३ च्या स्पर्धेची एकूण रक्कम १ कोटी डॉलर होती. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवले, तेव्हा विजेत्यांना मिळालेले ४४ लाख ८० हजार डॉलर हे पुरुष विजेत्यांच्या ४० लाखांपेक्षा जास्त होते. असे क्वचितच घडते. मग मंडळाने स्वतःच्या खुशीने संघासाठी ५१ कोटींचे इनाम जाहीर केले. पुरुष संघाने २०२४ मध्ये टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला तेव्हाच्या इनामाचा आकडा १२५ कोटी होता. बक्षीस नियमाने मिळते, इनाम देणाऱ्याच्या मर्जीने. इनामाच्या आकड्यातून देणाऱ्याचे मन जास्त स्पष्ट कळते.

बाजाराचा मुद्दा

‘ज्यांना प्रेक्षक जास्त, त्यांना पैसा जास्त,’ हा युक्तिवाद सेटच्या मुद्द्यापेक्षा वजनदार आहे, कारण बक्षिसाचा पैसा शेवटी प्रक्षेपण हक्क आणि प्रायोजक यांच्याकडूनच येतो. अडचण अशी की महिलांच्या खेळाला बाजारात काय भाव येईल, हे बराच काळ कोणी अजमावलेच नव्हते. फुटबॉलमध्ये महिला विश्वचषकाचे प्रक्षेपण हक्क पुरुषांच्या हक्कांसोबत एकाच गठ्ठ्यात विकले जात. स्वतंत्र विक्री झाली ती २०२३ च्या स्पर्धेसाठी. त्या स्पर्धेची एकूण रक्कम ११ कोटी डॉलर होती, २०२२ च्या पुरुषांच्या स्पर्धेची ४४ कोटी. अमेरिकेने यावर आपल्यापुरता तोडगा काढला. तिथल्या दोन्ही राष्ट्रीय संघांची विश्वचषकातली बक्षिसे एकत्र करून सारखी वाटण्याचा करार २०२२ मध्ये झाला.

स्क्वॉश आणि कुस्ती

भारतात बक्षिसाच्या विषमतेवर सरळ बहिष्काराचे हत्यार उपसले ते चेन्नईच्या दीपिका पल्लीकलने. २०१२ ते २०१५ ही सलग चार वर्षे ती राष्ट्रीय स्क्वॉश स्पर्धेला गेली नाही. २०१५ मध्ये पुरुष विजेत्याला १,२०,००० आणि महिला विजेतीला ५०,००० रुपये होते. २०१६ मध्ये रकमा समान झाल्यावर ती परतली. ज्या खेळाडूवाचून स्पर्धा फिकी पडते तिलाच हा मार्ग परवडतो. पहिल्या फेरीत हरणारीच्या बहिष्काराची दखल कोणी घेत नाही.

कुस्तीची गत निराळी. ‘महाराष्ट्र केसरी’ १९६१ पासून होते. महिलांची ‘महाराष्ट्र केसरी’ पहिल्यांदा भरली ती मार्च २०२३ मध्ये, सांगलीत, आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने मानाची गदा उचलली. आधीच्या बासष्ट वर्षांत या किताबापुरती बक्षिसाची तफावत किती होती, हे मोजायची सोयच नाही. बायकांचा आखाडाच नव्हता.