आगबोटीने मक्केला: हज आणि बकरी ईदची पार्श्वभूमी

हज आणि बकरी ईद हे दोन्ही जिल्हज या इस्लामी वर्षाच्या अखेरच्या महिन्यात येतात, आणि दोन्हींचे मूळ प्रेषित इब्राहिम यांच्या कथेत आहे. मक्केतील काबागृह इब्राहिम आणि त्यांचे पुत्र इस्माइल यांनी उभारले, अशी मुस्लिमांची श्रद्धा आहे. तान्ह्या इस्माइलसाठी पाणी शोधत त्यांची आई हाजरा ज्या सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये धावल्या, तेथे यात्रेकरू आजही सात फेऱ्या करतात. काबागृहाची यात्रा इस्लामपूर्व अरबस्तानातही होत असे. मात्र ६३० मध्ये मक्का मुस्लिमांकडे आल्यावर तेथील मूर्ती हटवण्यात आल्या आणि ६३२ मध्ये प्रेषित मुहंमद यांनी केलेल्या अखेरच्या हजने विधींचा क्रम ठरला. जिल्हजच्या नऊ तारखेला मक्केजवळच्या अराफातच्या मैदानात प्रार्थना होते आणि दहा तारखेला जवळच्याच मिना येथे कुर्बानी दिली जाते. इब्राहिम यांनी ईश्वराच्या आज्ञेवरून आपल्या पुत्राचा बळी देण्याची तयारी दाखवली होती; त्या त्यागाच्या स्मरणात हजला न गेलेले मुस्लिम आपापल्या गावी ईद साजरी करतात.

हिंदुस्थानातून हजची मुख्य वाट समुद्राची होती. मोगल काळात सुरत बंदराला 'बाब-उल-मक्का', म्हणजे मक्केचे द्वार, म्हणत. हजहून सुरतेला परतणारे औरंगजेबाचे 'गंज-इ-सवाई' हे जहाज १६९५ मध्ये इंग्रज चाच्यांनी लुटले. एकोणिसाव्या शतकात आगबोटी सुरू झाल्या आणि हा मान मुंबईकडे आला. प्रवास जलद झाल्याने गरीब माणसालाही हज शक्य वाटू लागला; पण बोटींवर माणसे अक्षरशः कोंबली जात. १८६५ मध्ये मक्केत पटकीची मोठी साथ आली आणि ती यात्रेकरूंच्या परतीच्या वाटेने युरोपापर्यंत पोहोचली. त्यानंतर तांबड्या समुद्रातील कामरान बेटावर यात्रेकरूंना सक्तीने थांबवून ठेवले जाऊ लागले. साथीचा ठपका यात्रेकरूंच्या गरिबीवर ठेवला गेला; बोटमालकांच्या हावेची चर्चा त्या मानाने कमी झाली, हे अन्यायाचेच होते.

मुंबईत दूरदूरच्या प्रांतांतून आलेले यात्रेकरू मुसाफिरखान्यांत उतरत आणि बोटीची वाट पाहत. मुंबई-जेद्दा सागरी वाहतूक १९९५ मध्ये बंद झाली आणि भारतातील हज पूर्णपणे विमानाने होऊ लागला. सुरतेच्या काळी महिनोन्महिने चालणारा प्रवास आता काही तासांचा आहे. चंद्रदर्शनातील फरकामुळे भारतातली ईद मात्र बहुधा एक दिवस उशिरा येते, त्यामुळे घरी कुर्बानी होते तेव्हा मिनातल्या हाजींची कुर्बानी आदल्या दिवशीच झालेली असते.