‘वुई इन्सिस्ट!’ आणि त्यातली किंकाळी: पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्याला 1963 मध्ये शंभर वर्षं होणार होती. त्या निमित्ताने ड्रमर मॅक्स रोच आणि गीतकार ऑस्कर ब्राउन ज्युनियर मिळून समूहगानाची मोठी रचना बांधत होते. ती त्या रूपात कधीच उभी राहिली नाही. 1 फेब्रुवारी 1960 ला अमेरिकेच्या दक्षिणेतल्या ग्रीन्सबरोत चार काळे विद्यार्थी फक्त गोऱ्यांना वाढणाऱ्या लंच काउंटरवर जाऊन बसले. 21 मार्चला दक्षिण आफ्रिकेत शार्पव्हिलला पोलिसांनी काळ्या निदर्शकांवर गोळीबार केला. मृतांचा अधिकृत आकडा 69. शताब्दीपर्यंत थांबायला मग सवड कुणाला? हाताशी होतं ते 31 ऑगस्ट आणि 6 सप्टेंबरला न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित झालं. तोच ‘वुई इन्सिस्ट!’ हा जॅझ अल्बम. मुखपृष्ठावरही तसंच लंच काउंटर आहे.

गुलामगिरीचा काळ पहिल्याच गाण्यात उरकलाय. गाणं मळ्यावरच्या मुकादमाचं. पाच मात्रांचं आवर्तन आणि दर समेला चाबकासारखा फटका. 55 वर्षांचा ज्येष्ठ सॅक्सोफोनवादक कोलमन हॉकिन्स याचा सूर त्यात एके ठिकाणी चिरकतो. तो तुकडा कापू नका, असं त्यानंच बजावलं. बरं झालं.

वाद पेटला तो तिसऱ्या रचनेवरून. तिचे भाग तीन: प्रार्थना, निषेध, शांती. मधल्या भागात शब्द नाहीत, फक्त ड्रम आणि गायिका ॲबी लिंकनचं मिनिटभराहून जास्त चाललेलं किंचाळणं. क्लबांत प्रेमगीतं गाणारी देखणी गायिका म्हणून तिची ओळख होती, त्यामुळे धक्का जास्तच बसला. हे संगीत की प्रचार, ही चर्चा तेव्हापासून चालू आहे. मला ती फसवी वाटते, कारण ड्रम आणि गळा तिथे एकमेकांना नेमकी साथ देतात. नुसता त्रागा असता तर ते जमलं नसतं. शिवाय रचना ड्रमरची, पण बोल लागला गायिकेला. गीतकाराचंही ड्रमरशी बिनसलं. चळवळ अहिंसेच्या वाटेने जावी की अधिक आक्रमक व्हावी, हा त्या दोघांतला खरा पेच होता, आणि मूळचं समूहगान त्यातच अडकलं.

अल्बमचा शेवट ‘टिअर्स फॉर जोहान्सबर्ग’ने, म्हणजे जोहान्सबर्गसाठी ढाळलेल्या अश्रूंनी होतो. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने अल्बमवर बंदी घातली. 1964 मध्ये बेल्जियमच्या टीव्हीवर अल्बममधलं हे संगीत सादर झालं. त्या चित्रणात किंकाळी नुसती ऐकू येत नाही, दिसतेही. 2022 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जतन करायच्या ध्वनिमुद्रणांत या अल्बमचा समावेश केला, चिरकलेल्या सुरासकट.