क्लोरिनच्या डोक्यावरची छत्री

मे महिना संपत आला की वडोदऱ्यात बंगल्यांचे, फार्महाउसचे स्विमिंग पूल रिकामे करायची घाई सुरू होते. पावसाळ्यात कोण पोहतंय? आमच्या दाजींनीही यंदा पंप काढला आणि पाइपाचं तोंड सोसायटीमागच्या कांसात सोडायची तयारी केली. कांस म्हणजे आमच्या शहरातला पावसाचं पाणी वाहून नेणारा नाला. मी हरकत घेतली, तर म्हणाले, "भाऊ, तळाची फरशी मोजता येते इतकं स्वच्छ पाणी आहे. विश्वामित्री नदीवर उपकारच होतील की!"

गैरसमज इथेच आहे. पाणी निवळशंख दिसतं, कारण त्यात काही जगूच शकत नाही.

गटारलाइन मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात जाते, कांस मात्र थेट नदीत. भूखी नावाच्या आमच्या कांसाचं पाणी विश्वामित्रीला मिळतं, विश्वामित्री ढाढर नदीला आणि ढाढर खंभातच्या आखाताला. वाटेत मासे आहेत, आणि त्या माशांवर जगणाऱ्या आपल्या सुप्रसिद्ध मगरी.

आता आकडे बघू. पूलमध्ये क्लोरिन साधारण लिटरला 1 ते 3 मिलिग्रॅम ठेवतात. नळाच्या पाण्यातही किमान 0.2 मिलिग्रॅम असावा लागतो, आणि तो आपण बिनघोर पितो, कारण पोटात पोचेपर्यंत तो अन्नाशी, लाळेशी भिडून संपतो. माशाची गोष्ट वेगळी. त्याचं रक्त आणि बाहेरचं पाणी यांच्यामध्ये कल्ल्यांचा एक अत्यंत पातळ पडदा असतो, आणि क्लोरिन थेट त्यालाच जाळतो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने 1986 साली गोड्या पाण्यातल्या जिवांसाठी थोड्या वेळापुरती मर्यादा घातली ती लिटरला 0.019 मिलिग्रॅमची. दाजींचा पूल 40,000 लिटरचा. 3 मिलिग्रॅमने त्यात 120 ग्रॅम क्लोरिन झाला. नुसतं पाणी मिसळून तो त्या मर्यादेत आणायचा तर 63 लाख लिटर पाणी लागेल. नाल्यातली घाण काही क्लोरिन खाऊन टाकते हे खरं. पण त्याच घाणीत अमोनिया असला तर क्लोरॅमिन तयार होतं, आणि ते क्लोरिनपेक्षा जास्त टिकतं. (पूलवर नाकात झोंबणारा 'क्लोरिनचा वास' बहुतांशी त्याचाच. घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरिनची गाठ पडली की येतो. वास म्हणजे स्वच्छता, हेही तेव्हा डोक्यातून काढा.)

यावर सगळे एकच उपाय सांगतात: दोन दिवस उन्हात उघडं ठेवा, क्लोरिन उडून जातो. दाजींनी तसं ठेवलंही होतं. मीही सुरुवातीला हो म्हणालो, आणि चुकलो. इथे माझा आवडता भाग येतो, जरा सावकाश वाचा.

पाण्यात क्लोरिन दोन रूपांत असतो. एक हायपोक्लोरस आम्ल, हा जंतू मारण्यात पटाईत. दुसरा त्यातून हायड्रोजन निसटून उरलेला हायपोक्लोराइट आयन. सामू (pH) 7.5 च्या आसपास असला की दोघे निम्मे निम्मे. आयन 292 नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील प्रकाश जोरात शोषतो, आणि जमिनीवर पोचणारं ऊन साधारण तिथूनच पुढे सुरू होतं. प्रकाश लागला की आयन फुटतो आणि साधं मीठातलं क्लोराइड उरतं. आयन कमी झाला की तोल सांभाळायला आम्लाचा काही भाग आयन बनतो आणि तोही फुटतो. भर उन्हात तासाभरात निम्म्याहून जास्त क्लोरिन गायब.

इतकी नासाडी कोणाला परवडणार? म्हणून पूलवाले टीसीसीएच्या (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक आम्लाच्या) क्लोरिन-गोळ्या वापरतात. गोळी विरघळली की क्लोरिनबरोबर सायन्युरिक आम्ल सुटतं. कार्बन आणि नायट्रोजन आलटून पालटून गुंफलेलं सहा अणूंचं कडं. हे कडं क्लोरिनला आपल्या नायट्रोजनवर बसवून घेतं, आणि त्या जोडगोळीला ऊन जवळपास दिसतच नाही. लिटरला 30 ते 50 मिलिग्रॅम सायन्युरिक आम्ल असलं तर 95 टक्क्यांहून जास्त क्लोरिन असा छत्रीखाली दडलेला असतो. जंतूंनी मोकळा क्लोरिन वापरला की छत्रीखालून नवा बाहेर येतो. आणि हेच पाणी नाल्यात पातळ झालं की तोल सुट्या रूपाकडे झुकतो, म्हणजे क्लोरिन छत्री टाकून मोकळा होतो. नेमका माशांच्या घरात!

गंमत अशी की पूल रिकामा करावा लागतो तोही याच छत्रीमुळे. गोळीतून 10 मिलिग्रॅम क्लोरिन मिळाला की 6 मिलिग्रॅम सायन्युरिक आम्ल मागे राहतं. क्लोरिन खर्च होतो, हे होत नाही. पाण्याची वाफ होते, हे तिथेच. रोज लिटरला 2 मिलिग्रॅम क्लोरिनच्या हिशोबाने तीन महिन्यांत सायन्युरिक आम्ल लिटरला शंभर मिलिग्रॅमच्या वर. मग कितीही गोळ्या टाका, क्लोरिन छत्रीतून बाहेर येईना आणि पाणी हिरवं व्हायला लागतं. कोणी म्हणतं नजर लागली, कोणी मोरचूद ओततं. मोरचूद म्हणजे तांबं, ते उन्हाने जात नाही आणि कल्ल्यांना क्लोरिनइतकंच जाचतं. 'केमिकल-फ्री' म्हणून विकली जाणारी आयनायझर यंत्रंही बहुधा पाण्यात तांबंच सोडतात. तांबं केमिकल नाही, हे कोणत्या शाळेत शिकवतात कोण जाणे.

तर उपाय हायपो. सोडियम थायोसल्फेट; जुने फोटोग्राफर आणि मत्स्यालयवाले ओळखतात. 1 ग्रॅम क्लोरिनला जास्तीत जास्त 7 ग्रॅम, म्हणजे दाजींच्या पूलला 840. बादलीत विरघळवून निम्मा टाकायचा, पंपाने पाणी फिरवायचं, चाचणीच्या थेंबांनी पिवळा रंग, म्हणजे उरलेला क्लोरिन, दिसतो का बघायचं, दिसला तर आणखी. ढिगाने टाकू नये, कारण उरलेला हायपो पुढे पाण्यातला प्राणवायू खातो.

संध्याकाळी नळीतला पिवळा रंग पूर्ण गेला, तेव्हा परवानगी काढून पाणी गटारलाइनच्या चेंबरमध्ये बारीक धारेने सोडलं, तेही निम्मंच. निम्मं बदललं की सायन्युरिक आम्लही निम्म्यावर येतं. शिवाय पावसात जमिनीखालचं पाणी चढलं की रिकामा पूल होडीसारखा वर उचलला जातो आणि फरशी तडकते. दाजींना हे कारण माशांपेक्षा लवकर पटलं.