आकाश-सर्वेक्षणे व तारासूची

आकाशाचा ठरावीक पट्टा, किंवा जमल्यास संपूर्ण आकाश, एकाच पद्धतीने व ठरलेल्या तेजमर्यादेपर्यंत पिंजून काढणे म्हणजे आकाश-सर्वेक्षण. त्यातून हाती आलेल्या प्रत्येक खस्थ ज्योतीचे स्थान, प्रत (तेजाचा दर्जा; आकडा जितका लहान, तितकी ज्योत तेजस्वी), रंग आणि शक्य तेथे अंतर व निजगती (ताऱ्याचे आकाशातले स्वतःचे सरकणे) यांची कोष्टकबद्ध नोंद म्हणजे सूची. एखाद्या ताऱ्याकडे मुद्दाम दुर्बीण वळवली, तर काय पाहायचे ते आधीच ठरलेले असते. सर्वेक्षणात मात्र मर्यादेत येईल ते सगळे टिपायचे असते. म्हणून सूचीत किती नोंदी आहेत याच्याइतकेच, तिच्यातून काय सुटले आहे हे तिने सांगितले आहे का, हे पाहावे लागते. ठाणे व नवी मुंबईच्या उजळलेल्या आकाशाखाली राहणाऱ्या अभ्यासकाला हा मुद्दा विशेष लागू पडतो. त्याचे कारण नोंदीच्या अखेरीस दिले आहे.

प्राचीन सूची : सर्वांत जुनी ज्ञात मोठी तारासूची हिपार्कसची असावी. तिचा काळ साधारणपणे इ. स. पू. १३०च्या सुमाराचा धरतात. ती मुळात उपलब्ध नाही. टॉलेमीच्या ‘अल्माजेस्ट’मधील सूचीत (इ. स. दुसरे शतक) हजाराहून थोडे अधिक तारे आहेत आणि त्यांचे भोग (क्रांतिवृत्तावर, म्हणजे सूर्याच्या भासमान वार्षिक मार्गावर, मोजलेले अंश) सरसकट सुमारे १ अंशाने कमी भरतात. टॉलेमीने संपातचलन (भोग जेथून मोजतात त्या संपातबिंदूचे सावकाश सरकणे) शतकाला १ अंश धरले होते; प्रत्यक्षात ते सुमारे ७२ वर्षांना १ अंश आहे. तेव्हा त्याने स्वतः वेध न घेता हिपार्कसच्या आकड्यांत २ अंश ४० कला (६० कला म्हणजे १ अंश) मिळवल्या, हा आक्षेप जुना आहे. २०२२ मध्ये सिनाईच्या मठातून आलेल्या, खरडून पुन्हा वापरलेल्या एका चर्मपत्रावर हिपार्कसचे म्हणता येतील असे उत्तर मुकुट तारकासमूहाचे आकडे वाचता आले. ते टॉलेमीच्या आकड्यांशी जुळत नाहीत. काही आकडे उसने व काही स्वतंत्र, असा मध्यम पक्ष त्यामुळे अधिक ग्राह्य वाटतो.

योगताऱ्यांची सारणी : भारतीय परंपरेत हजार ताऱ्यांची सूची नाही. प्रत्येक नक्षत्राची एक योगतारा (ओळखीचा मुख्य तारा) निवडून तिचे ध्रुवक (ध्रुवातून ताऱ्यावरून जाणारे वृत्त क्रांतिवृत्ताला छेदते तेथला भोग) व विक्षेप (क्रांतिवृत्तापासूनचे उत्तर-दक्षिण अंतर) द्यावयाचे, अशी रीत होती. सूर्यसिद्धान्ताच्या उपलब्ध पाठात चित्रेचा ध्रुवक १८० अंश, स्वातीचा १९९ अंश, रोहिणीचा ४९ अंश ३० कला आणि रेवतीचा ३५९ अंश ५० कला आहे. पाठाचा काळ एका शतकात बसवणे कठीण. मूळ सिद्धान्त चौथ्या-पाचव्या शतकातला असला, तरी आजचा पाठ पुढे संस्कारित झालेला दिसतो.

वाद आहे तो राशिचक्राच्या आरंभबिंदूचा, म्हणजे शून्य अंश कोठे धरावा याचा. रेवतीची योगतारा म्हणजे मीन राशीतील झेटा हा तारा, असे बहुतेक मानतात. सारणीत रेवतीचा विक्षेप शून्य आहे आणि हा तारा क्रांतिवृत्ताला जवळजवळ चिकटून आहे, हे त्याला पोषक आहे. पण मग चित्रा १८० अंशांवर येत नाही. आजच्या मापांनुसार या दोन ताऱ्यांच्या भोगांत सुमारे १८४ अंशांचे अंतर आहे. भोगाचे ध्रुवकात रूपांतर केले, म्हणजे क्रांतिवृत्तावर लंब टाकण्याऐवजी ध्रुवातून जाणाऱ्या वृत्ताने छेद घेतला, तर चित्रेचा दक्षिण विक्षेप जमेस धरून हे अंतर १८३ अंशांच्या आसपास येते. तरीही सुमारे ३ अंश शिल्लक राहतातच. रेवती धरावी तर चित्रा सरकते आणि चित्रा धरावी तर रेवती. महाराष्ट्रात यातूनच दोन पक्ष झाले. टिळक पंचांग रेवती पक्षाचे आहे. भारत सरकारच्या पंचांग-सुधारणा समितीने पुढे चित्रा पक्षाला जवळचा अयनांश (संपातबिंदूपासून या आरंभबिंदूपर्यंतचे अंतर) स्वीकारला व बहुतेक पंचांगे त्याच वाटेने गेली. दोन अयनांशांत सुमारे ४ अंशांचा फरक असल्याने एखाद्या वर्षी टिळक पंचांगातला अधिक मास निराळा पडतो आणि एकाच इमारतीतल्या दोन घरांची दिवाळी महिन्याच्या अंतराने येऊ शकते. सारणीतले सगळे ध्रुवक एकाच काळी, एकाच हाताने मोजलेले नसावेत आणि म्हणून तिच्यातून एकच निर्विवाद शून्यबिंदू निघणार नाही, हे मत येथे ग्राह्य धरले आहे. झेटा हा अवघ्या पाचव्या प्रतीचा तारा आहे, हेही ध्यानात ठेवावे.

उलुघ बेग (१४३७) व टायको ब्राए यांच्या सूचीही हजाराच्या घरातल्याच आहेत. जुन्या सूचींचे चीज झाले ते १७१८ मध्ये. हॅलीने टॉलेमीचे आकडे आपल्या काळच्या वेधांशी ताडून पाहिले, तेव्हा व्याध, स्वाती आणि रोहिणी हे तारे शेजाऱ्यांच्या मानाने सरकलेले आढळले. स्थिर म्हटले जाणारे तारे चालतात, हे कळले ते दोन याद्या शेजारी ठेवल्याने.

काचेवरचे आकाश : आर्गेलांडरच्या बॉन सूचीत (१८५९–६२) सव्वातीन लाखांच्या आसपास तारे केवळ डोळ्याने व लहान दुर्बिणीने नोंदले गेले. त्यानंतर छायाचित्रण आले. १८८७ मध्ये पॅरिसला ठरलेल्या छायाचित्र-सूचीच्या उपक्रमात सुमारे वीस वेधशाळांनी आकाशाचे पट्टे वाटून घेतले. दक्षिण क्रांती (विषुववृत्तापासूनचे कोनीय अंतर) १७ ते २३ अंशांचा पट्टा हैदराबादच्या निजामिया वेधशाळेने केला. मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. एका काचेवर २ अंश बाय २ अंशांचे आकाश. प्रत्येक काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची, जाळीच्या रेघांपासून एकेका ठिपक्याचे अंतर डोळ्याने वाचायचे आणि वहीत उतरवायचे. हे काम अनेक दशके चालले. ते कालबाह्य झाले असे पुढे बराच काळ समजले जाई. पण २००० साली प्रसिद्ध झालेल्या टायको-२ सूचीतील सुमारे २५ लाख ताऱ्यांच्या निजगती काढताना पहिले टोक म्हणून याच काचांची मापे वापरली गेली. या विषयातील निष्ठेचे इतके सुंदर उदाहरण दुसरे नाही.

पॅलोमारच्या ४८ इंची श्मिट दुर्बिणीने १९४९ ते १९५८ मध्ये केलेले निळ्या व तांबड्या काचांचे सर्वेक्षण पुढची तीसेक वर्षे जगभर संदर्भनकाशा म्हणून चालले.

अंकीय सर्वेक्षणे : स्लोन सर्वेक्षण २००० साली न्यू मेक्सिकोतील २.५ मीटर दुर्बिणीवर सुरू झाले. पाच गाळण्यांतून आकाशाच्या सुमारे तृतीयांश भागाची छायाचित्रे आणि निवडक ज्योतींचे वर्णपट, असा त्याचा आराखडा होता. वर्णपटांसाठी ॲल्युमिनियमच्या तबकडीला दीर्घिकांच्या जागी भोके पाडत व दिवसा त्यांत ६४० तंतू हाताने खोचत. सगळी सूची संगणकीय प्रश्नभाषेत कोणालाही विचारता येईल अशी खुली ठेवली गेली, आणि तेथून सूचीचा अर्थच बदलला. ती वाचायची वस्तू राहिली नाही, विचारायची झाली. पुण्याच्या आयुका संस्थेतील संशोधकांनी सरस्वती हा दीर्घिकांचा महासमूह (२०१७) याच विदेतून ओळखला. तो सुमारे ४ अब्ज प्रकाशवर्षे दूर आहे.

अवरक्त किरणांत टू-मास सर्वेक्षणाने (१९९७–२००१) ४७ कोटी बिंदुवत ज्योती नोंदल्या. स्थानमापनात हिपार्कोस उपग्रहाची १,१८,२१८ ताऱ्यांची सूची (१९९७) व तिच्या पुढे गैया ही दोन नावे मुख्य. गैयाचे प्रक्षेपण १९ डिसेंबर २०१३ रोजी झाले आणि वेध १५ जानेवारी २०२५ रोजी थांबले. तिच्या तिसऱ्या विदासंचात (२०२२) सुमारे १८१ कोटी ज्योती आहेत. चिलीतील रुबिन वेधशाळेची पहिली चित्रे जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. ८.४ मीटरचा आरसा, ३२०० मेगापिक्सेलचा कॅमेरा आणि रात्रीला सुमारे २० टेराबाइट विदा असे तिचे प्रमाण आहे.

खोडदचे रेडिओ सर्वेक्षण : जुन्नर तालुक्यातील खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० ॲंटेनांची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ती उभारली. तिच्यावर २०१० ते २०१२ मध्ये १५० मेगाहर्ट्झला दक्षिण क्रांती ५३ अंशांच्या उत्तरेचे सगळे, म्हणजे सुमारे ९० टक्के आकाश पाहिले गेले. वेगळ्या गटाने नव्या पद्धतीने प्रक्रिया करून २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूचीत ६ लाखांहून अधिक रेडिओ उगम आहेत. मीटरतरंगांना आयनांबर (वातावरणाचा वरचा विद्युत्भारित थर) वाकवते आणि तेही मिनिटामिनिटाला निराळे, म्हणून प्रत्येक दिशेसाठी स्वतंत्र दुरुस्ती करावी लागली. सूची वापरताना एक सावधगिरी हवी : तेजाची मोजपट्टी आकाशात सर्वत्र सारखी नाही, काही भागांत ती पद्धतशीरपणे ढळलेली आहे, असे पुढच्या तपासण्यांत दिसले. एकेका उगमाच्या अभ्यासाला याने फारसे बिघडत नाही. लाखो उगमांच्या वाटपावरून विश्वाची रचना काढू पाहणाऱ्याला मात्र हा दोषच विश्वाचा आकार भासू शकतो.

सूची वाचताना : स्वातीचे उदाहरण घेऊ. बॉन सूचीत ती +१९ अंशांच्या पट्ट्यातील २७७७वी, हेन्री ड्रेपर सूचीत १२४८९७, हिपार्कोस सूचीत ६९६७३. तारा एकच असला, तरी प्रत्येक सूचीचा स्थानकाल (ताऱ्यांची स्थाने ज्या क्षणाची दिली आहेत तो काळ) वेगळा असतो, हिपार्कोसचा १९९१.२५, गैयाच्या तिसऱ्या संचाचा २०१६.०. स्वाती वर्षाला सुमारे २.२८ विकला (६० विकला म्हणजे १ कला) सरकते. म्हणजे या दोन काळांत ती जवळपास ५६ विकला सरकली. निजगतीचा रकाना न पाहता जुना आकडा उचलणारा जवळजवळ एका कलेने चुकतो.

आणि गैयाच्या यादीत स्वाती नाहीच. ती इतकी तेजस्वी आहे की संवेदक भरून वाहतो. तिसऱ्या प्रतीहून तेजस्वी ताऱ्यांची गैयाची नोंद अपुरी आहे. रुबिनच्या कॅमेऱ्याला तर सोळाव्या प्रतीच्या आसपासचे तारेही झेपत नाहीत. स्वातीच्या ३७ प्रकाशवर्षे अंतरासाठी आजही हिपार्कोसकडे जावे लागते.

ठाणे व नवी मुंबई : घोडबंदर रस्त्यावरच्या किंवा वाशीतल्या गच्चीवरून आकाश किती दिसते याची सोपी कसोटी सप्तर्षीत आहे. सातांपैकी सहा ऋषी दुसऱ्या प्रतीच्या आसपास आहेत. अत्री एकटा ३.३ प्रतीचा. अत्री दिसला तर रात्र चांगली. बहुधा सहाच मोजून होतात. येऊरच्या बाजूला थोडा फरक पडतो. खरा अंधार हवा असेल, तर कर्जत मार्गावरचे वांगणी. मुंबईच्या खगोल मंडळाने तेथे वर्षानुवर्षे रात्रभराची आकाशदर्शने घेतली आहेत. लाल कागद लावलेला टॉर्च, गुडघ्यावर नकाशा आणि पहाटेपर्यंत एकामागून एक मेसिए क्रमांक (मेसिएने यादीत नोंदलेल्या धूसर ज्योती) शोधणे, असा तो शिरस्ता. मेसिएची मूळ यादी (१७८१) १०३ ज्योतींची होती.

जुन्या विदेचे मोल जाणणारी एक संस्था याच परिसरात, नवीन पनवेलला आहे : भारतीय भूचुंबकत्व संस्था. कुलाबा वेधशाळेचा वारसा तिच्याकडे आहे. सप्टेंबर १८५९च्या सौर वादळात कुलाब्याला नोंदलेली भूचुंबकीय क्षेत्रातील सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घट २००३ मध्ये नव्याने अभ्यासली गेली आणि त्या वादळाची तीव्रता ठरवायला तीच मुख्य आधार ठरली.

शहरातून जे पाच-पन्नास तारे दिसतात, नेमके तेच अतिविशाल सूचींच्या तेजमर्यादेबाहेर राहतात. २०१९–२० च्या हिवाळ्यात आर्द्रा (काक्षी) नेहमीच्या अर्ध्या प्रतीवरून फेब्रुवारीपर्यंत सुमारे १.६ प्रतीपर्यंत मंदावली. मोठ्या सर्वेक्षण-दुर्बिणींना ती पेलणारी नव्हती. तिचा उतार नोंदला गेला तो लहान प्रकाशमापकांनी आणि जगभरच्या हौशी निरीक्षकांच्या डोळ्यांनी. तुलनेसाठी लागतात ते तारे, ०.९ प्रतीची रोहिणी आणि मृगातलाच १.६ प्रतीचा बेलाट्रिक्स, ठाण्याच्या गच्चीवरून निरभ्र रात्री नीट दिसतात. आर्द्रा रोहिणीहून मंद वाटते की बेलाट्रिक्सच्या जवळची, हे ठरवून तारीख व वेळ लिहायला दुर्बीण लागत नाही.